समासातली दोन वाक्यं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. अहवालाचं पान चौतीस, खालून तिसरी ओळ: 'घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या आवाराची गरज असल्याचे एकाही कुटुंबाने नोंदवलेले नाही.' खाली तुमची झोकदार सही. एकाही कुटुंबाने? मग माझ्या अंगावर काय रेघोट्या ओढल्यात?

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. बारा पानं, पंचेचाळीस प्रश्न, डाव्या कोपऱ्यात गंजलेली पिन. कपाळावर शिक्का: कुटुंब क्रमांक अठ्ठावन्न. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचं कसं चाललंय, त्यांच्या घरच्यांवर काय परिणाम होतो, हे शोधायला मला आणि माझ्या तीनशे अकरा भावंडांना छापलं. शिक्षण खात्याला त्यावरून एक गोष्ट ठरवायची होती. अशा मुलांसाठी आठवड्यातून दोन दुपारी शाळेचं मैदान, प्रयोगशाळा आणि डबा खायची खोली उघडायची की नाही?

आता ऐका. हाच प्रश्न माझ्या मसुद्यात होता. अगदी शेवटी, शेहेचाळिसावा. पण त्याच्यामुळे तेरावं पान सुरू होत होतं. साहेब म्हणाले, "बारा पानं ठरलीत. काढा तो." काढला. मग सभेत माझं कौतुक झालं, किती नेमकी, किती आटोपशीर! मीही फुशारले. जे विचारायला जन्माला आले, तेच पोटातून काढून घेतलंय हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

आम्हाला घरोघर नेणारी एक ताई होती. पाठीला पिशवी, चपलेचा अंगठा शिवलेला. तिने मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी नेलं. लिफ्ट बंद होती. त्या घरचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, पण दुसऱ्यांच्या. आई घरी शिवणकाम करायची. लेक अकरा वर्षांची, एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेत वाचताना ती अडखळायची आणि वर्ग हसायचा. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. शेवटी आईने तिला घरी ठेवलं. अपूर्णांक ती मापाच्या फितीवर शिकली, वजनं-कप्प्या बापाच्या हत्यारांवर. पोटदुखी गेली. जाड जाड पुस्तकं वाचायला लागली. हे सगळं माझ्याच पानांवर नोंदलंय, म्हणून छातीठोकपणे सांगते.

आईने मशीन थांबवलं, हात पुसले आणि मला घाबरत हातात घेतलं.

"ताई, यात नापास झालो तर घरी शिकवायची परवानगी काढून घेतात का हो?"

"अहो वहिनी, ही परीक्षा नाहीये."

"परीक्षा घेणारे असंच म्हणतात."

ताई हसली, पण आई हसली नाही. तेविसाव्या प्रश्नापर्यंत तिने भराभर खुणा केल्या. 'पाल्यास घरी शिकवताना आपणास ताण जाणवतो का? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फार.' तिने चारला गोल केला. मग लेकीकडे पाहिलं. मग खोडरबर मागितलं. इतकं जोर लावून खोडलं की माझ्या कागदाची सालं निघाली. आणि एकला गोल केला. तो ओरखडा अजून आहे. उजेडात धरलं तर चारचा गोल आजही दिसतो.

शेवटचं पान मुलांचं. आई इस्त्री बंद करायला आत गेली, तेवढ्यात भिंगरीने मला मांडीवर ओढलं. 'तुला घरी शिकायला आवडते का?' तिने 'हो'वर खूण केली. पेन्सिल चावली. मग 'नाही'वरही खूण केली. मग मला आडवं धरून समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'मला घरीच शिकायचंय. पण डबा एकटीने खायचा कंटाळा आलाय.' आणि आई बाहेर यायच्या आत पान मिटलं.

ताईने मला जिन्यात वाचलं. तिथेच पायरीवर बसली. माझ्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: समास पाहा.

कोण पाहतो? कचेरीत आकडे भरणाऱ्याने शेवटचं पान उलटलं आणि म्हणाला, "दोन खुणा? मग नऊ टाका." नऊ म्हणजे निरुत्तर. ताई मला घेऊन तडक साहेबांपुढे गेली.

"साहेब, या मुलीने उत्तर दिलंय. दोन वाक्यं लिहिलीत तिने."

"समासाला रकाना नाही, मॅडम."

"मग रकाना करा."

"आता? तीनशे बारा भरून झाल्यावर? एका पोरीच्या डब्यासाठी?"

एका पोरीच्या! साहेब, तुम्ही आम्हाला एका खोक्यात दाबून माळ्यावर टाकलंत. दोन वर्षं अंगाला अंग लावून पडलं की एकमेकांचं सगळं कळतं. त्रेचाळीस जणींच्या समासात हेच आहे. कुणाला मैदान हवंय. कुणाला वर्गात परत जायचं नाही, पण कबड्डीला गडी हवेत. सत्त्याण्णव नंबरच्या घरच्या आजीने उलट्या पानावर लिहिलंय, 'आठवड्यातून एक दुपार तरी माझ्या सुनेला झोपू द्या.' या सगळ्यांवर तुमचा नऊचा आकडा. आणि ज्या घरांनी दारच उघडलं नाही, त्यांची तर गोष्टच सोडा.

परवा माळ्याचं दार उघडलं. ताईच्या मागे आई होती आणि चांगली उंच झालेली भिंगरी. खांद्याला डब्याची पिशवी. भिंगरीला दुपारी मैदानावर येऊ द्याल का, असं मायलेकी शाळेत विचारायला गेल्या होत्या. तिथल्या बाईंनी नकार देत पान चौतीस पुढे सरकवलं, म्हणून त्यांनी ताईला गाठलं.

"मी कुठे लिहिलंय गरज नाही म्हणून?" आईचा आवाज चढलेला. "दाखवा मला!"

ताईने मला खोक्यातून काढलं, धूळ झटकली. माझं शेवटचं पान आईने तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मग ती भिंगरीकडे वळली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुला वाटलं असतं, तू कमी पडलीस." भिंगरीने पान मागे उलटलं, तेविसाव्या प्रश्नाशी थांबली, मला खिडकीकडे धरलं. "आई, तू इथे चार केलं होतंस?"

"तुला वाटलं असतं, तुझं ओझं होतंय."

दोघी एका घरात, एका टेबलावर रोज शिकत होत्या. एकमेकींपासून लपवलेलं त्यांनी मला सांगितलं होतं. तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं, साहेब. तुम्ही त्यावर नऊ टाकलात.

मित्रांनो, जुना कागद जपा असं मी म्हणणार नाही. मी फाटले तरी चालेल. पण उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन लोकांना प्रश्न विचारायला निघालं, तर माणूस कडेला काय लिहितो ते आधी वाचा. मधल्या चौकटीत तो घाबरून लिहितो.

आणि साहेब, जन्मभर मी दुसऱ्यांना प्रश्न विचारले. हा एक तुम्हाला. जे तुम्ही विचारलंच नाहीत, त्याला 'नको' म्हणताना कुणाला ऐकलंत? एक खूण करा, दोन करा, समासात लिहा. मी नऊ टाकणार नाही. पण आज लिहा. आई मला हातात धरून तुमच्या दाराबाहेर उभी आहे, एक वाजत आलाय आणि भिंगरीने अजून डबा उघडलेला नाही.