मास्तरांनी वाचवलेली होडी

चांगलं करायला जावं आणि पार वाटोळं व्हावं, यात मास्तरांचा हात धरणारा माणूस मिळायचा नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, म्हणून बायकोही म्हणे. चाळिशी उलटल्यावर त्यांचं लग्न झालं, तेही एका विधवेशी, आणि बायकोबरोबर त्यांना दहा वर्षांची एक मुलगीही मिळाली. तिला सगळे मिरी म्हणत. आकाराने एवढीशी, पण दाताखाली आली की कळायची.

मिरी मास्तरांशी भांडत नसे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांना कशानेच हाक मारत नसे. काही सांगायचं असलं की जवळ येऊन उभी राही आणि ते शिलाई मशीनवरून मान वर करेपर्यंत वाट बघे. मास्तरांना ते फार लागायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकी दर वर्षी तळ्याकाठच्या एका लहानशा गावात जात. तिथे त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि मिरीच्या वडिलांची लाकडी होडी होती. सुट्टीच्या पहिल्या रविवारी गावातले आणि बाहेरून आलेले झाडून सगळे होड्या घेऊन पलीकडच्या काठावर जेवायला जायचे. वडील गेल्यापासून मिरी त्या होडीत आईखेरीज कोणाला पाय ठेवू देत नसे. यंदा मात्र तिने आईला सांगितलं होतं, "येऊ देत त्यांना. एकदा बघू." हे कानावर आल्यापासून मास्तरांचं शिवणात लक्ष नव्हतं; एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या.

मायलेकी पुढे गेल्या. हातातली कामं उरकून मास्तर शनिवारी सकाळी पोचले, तर दाराला कुलूप. दोघी बाजारात गेलेल्या. पिशवी पायरीवर ठेवून ते तळ्याकडे गेले आणि बघतात तर काय! घरातल्या फोटोत रोज दिसणारी ती होडी काठाजवळच बुडालेली होती. नुसती बुडालेली नाही, कोणीतरी तिच्यात हे एवढाले दगड भरून ठेवले होते.

"कोणा द्वाडांचं हे काम!" मास्तर एकटेच ओरडले.

मग काय विचारता! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी एकेक दगड उचलून बाहेर टाकला. फिरायला आलेल्या दोघा धडधाकट पाहुण्यांना हाताशी धरून होडी काठावर ओढली, पालथी घातली, स्वतःच्या टॉवेलने पुसली आणि कडकडीत उन्हात वाळत ठेवली. वर पुन्हा तिच्याशेजारी राखण करत बसले.

दुपारी मायलेकी आल्या, तशी मास्तर छाती काढून उभे राहिले. "काळजी करू नका. वाचवली!"

मिरीच्या हातातून भाजीची पिशवी गळून पडली.

"मी बुडवली होती," ती म्हणाली. "मी! बाबा अशीच बुडवायचे. वर्षभर कोरडी राहिली की फळ्यांमध्ये फटी पडतात. पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. तेव्हा कुठे ती चालते." तिचा आवाज चिरकला. "आता चाळण झाली असेल तिची." आणि ती घरात निघून गेली.

मास्तर मटकन खाली बसले. सुती कापड भिजवलं की आटतं, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. लाकडाचं उलटं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो, निदान विचारायचं तरी," बायको म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना.

"दाराला कुलूप होतं. विचारू कोणाला, कुलपाला?"

त्यांनी त्याच दोघा पाहुण्यांना पुन्हा गाठलं. होडी परत पाण्यात घालून बुडवायची आहे म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण बिचाऱ्यांनी पुन्हा बाह्या सरसावल्या.

रविवारी सकाळी मास्तरांनी दगड काढले, पाणी उपसलं. बऱ्याचशा फटी मिटल्या होत्या, पण तळाच्या दोन सांध्यांतून पाणी येतच होतं. काठावर नुसती धमाल चालली होती. कोणी डबे चढवत होतं, कोणी छत्र्या, कोणी मोकळ्या गळ्याने गात होतं. मिरी एका बाजूला गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"आई, तू जा. मी नाही येत."

मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तिने मान वर करेपर्यंत थांबले.

"तू वल्हव, मी उपसतो."

"पलीकडे जाईपर्यंत?"

"पलीकडे जाईपर्यंत."

"पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पाय बघ कसे लटपटतायत."

मिरीने वाकून पाहिलं. खरंच लटपटत होते. ती उठली आणि वल्ही घेऊन आली.

आईने दोघांना तरंगणारी जाकिटं घातली. मास्तरांचं पोटावर काही केल्या बसेना. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि स्वतःच्या पोटाचं तेवढं राहिलं. आई बेकरीवाल्या मावशींच्या होडीत बसली आणि ती होडी यांच्या अगदी जवळून चालली.

मास्तर उपसत होते. डबा भर, बाहेर टाक, डबा भर, बाहेर टाक. दंड भरून आले, पाठ मोडायला आली, पण मान वर करून त्यांनी पाणी किती खोल आहे ते पाहिलं नाही. मिरी मुकाट्याने वल्हवत होती. आपल्याला आता पुन्हा कधी बोलावणार नाहीत, एवढंच मास्तरांच्या मनात घोळत होतं.

तळ्याच्या मध्यावर गावातल्या नावाडी आजोबांची होडी आडवी आली.

"काय गं मिरे," आजोबा ओरडले, "हा उपसायला गडी कुठून धरून आणलास?"

मास्तरांचा हात थांबला.

"गडी काय म्हणता, आजोबा! आमच्या घरचे आहेत," वल्हं न थांबवता मिरी ओरडली. "पहिलंच वर्ष आहे त्यांचं. पुढच्या वर्षी होडी तेच बुडवणार आहेत!"

मग ती मास्तरांकडे वळली. "थांबलात काय? उपसा ना!"

मास्तरांना डोळ्यांसमोरचं काही नीट दिसेना. तरी त्यांनी डबा उचलला आणि दुप्पट जोराने उपसायला लागले.