दाराकडे तोंड केलेले बूट

माणसाच्या जिभेला हाड नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुदेश परबच्या पाठीलाही ते नसावं, अशी शंका विनिताला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आली होती. कुवेतच्या राई भागातल्या एका मोठ्या शोरूममध्ये तो जपानी गाड्या विकायचा. गिऱ्हाईक दिसलं की वाकायचा, साहेब दिसले की त्याहून खाली वाकायचा, आणि संध्याकाळी अब्बासियातल्या फ्लॅटवर आला की सोफ्यावर ताठ बसून पाणी मागायचा. दिवसभर वाकलेली पाठ त्याला घरीच सरळ करता येई. फ्लॅट विनिताच्या ऑफिसने दिलेला. कुवेत सिटीतल्या एका शिपिंग कंपनीत ती टायपिस्ट होती, तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवानाही, त्याच कंपनीचा.

पण गाड्या तो विकायचा छान, हे कबूल करायला हवं. दोन हजार दोन साली आखातातल्या सगळ्या शोरूम्समध्ये त्याचा पहिला नंबर आला आणि कंपनीने त्याला बक्षीस दिलं, जोडप्याला जपानची सहल. आधी कारखाना बघायचा आणि मग डोंगरातल्या एका जुन्या, लाकडी घरांच्या गावात तीन रात्री राहायचं. त्या गावातल्या जुन्या पद्धतीच्या डझनभर पाहुणेघरांची रंगीत माहितीपत्रकं शोरूममध्ये येऊन पडली होती. त्यातलं हवं ते बक्षीसवाल्याने निवडायचं.

“ता तूच बग गो,” पत्रकांचा गठ्ठा विनितासमोर टाकत सुदेश म्हणाला. “तुझ्या घरचोच धंदो तो.”

ते खरंच होतं. विनिताची आई सीताबाई आंबोलीला घाटमाथ्यावर घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायची. पावसाळ्यात चादरी वाळत नसत. त्या चुलीवर धरून वाळवण्यात विनिताचं बालपण गेलं. लग्न होऊन कुवेतला आली, तर कुडाळहून येणारा सुदेशचा प्रत्येक ओळखीचा नोकरी लागेपर्यंत त्यांच्याकडेच उतरायचा. म्हणजे इथेही चादरी होत्याच, फक्त इथे त्या लवकर वाळायच्या. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी अंथरूण घातलंय, गरम भात वाढलाय आणि आपण नुसतं बसून जेवतोय, असं तिला लग्नाच्या पंधरा वर्षांत एकदाही घडलेलं आठवत नव्हतं.

म्हणून ती त्या पत्रकांवर तुटून पडली. पाहुण्याचं घर कसं ओळखावं हे आईने शिकवलं होतं. “पुढचा दार सगळेच पुसतत,” सीताबाई म्हणायची, “घर बगूचा तर पाटल्या दारान बगूचा.” विनिता फोटोंच्या कडा न्याहाळायची. एका ठिकाणची न्हाणी इतक्या संगमरवराने मढवलेली होती की ती तिला इथल्या शेखांच्या हॉटेलसारखीच वाटली. ते घर तिने बाजूला टाकलं. दुसऱ्या ठिकाणी दारात पाच-सहा पोरी रांगेने वाकून उभ्या होत्या. वाकणाऱ्या माणसांचा तिला घरातच पुरेसा अनुभव होता, तेही घर गेलं. शेवटी तिचं बोट थांबलं ते नदीकाठच्या अगदी लहान, पाच खोल्यांच्या घरावर. फोटो साधाच, दरवाजातला. पण उंबऱ्याशी पाहुण्यांच्या पायताणांची ओळ होती आणि प्रत्येक जोडाचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. पाहुणा बाहेर निघाला की त्याला वाकून, फिरून पायताण शोधायला लागू नये म्हणून कुणीतरी ते मुद्दाम वळवून ठेवलेले. आंबोलीला सीताबाई अगदी हेच करायची. तो फोटो बघताना विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

“थयसर कमोड असा काय, ता इचार,” सुदेश अधूनमधून सांगायचा. “गादी मऊ असा काय? मच्छीशिवाय काय्येक गावता काय?” जन्मभर परसाकडे उकिडवा बसलेला आणि मच्छीशिवाय घास न गिळणारा हा नवरा. विनिताला वाटलं, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांची काळजी करतोय, आपल्या सोमवारची काळजी करतोय. बिचारीला बरं वाटलं.

तिने ऑफिसमधून फॅक्स पाठवला. त्या घराची मालकीण, सत्तरीची एक विधवा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तरं द्यायची. तुम्ही काय खात नाही? जमिनीवर झोपता येईल का? काही खास निमित्त आहे का? सगळ्यांनी मिळून अंघोळ करायचा संकोच वाटत असेल तर न्हाणी तासभर तुमच्यापुरती बंद ठेवीन. विनितानेही मग मन मोकळं केलं. माझी आईसुद्धा तुमच्यासारखीच पाहुणे ठेवायची, मी लहानपणापासून पाहुण्यांचंच करत आले, पाहुणी म्हणून मी पहिल्यांदाच कुठे येतेय. म्हातारीने उत्तर पाठवलं, या घरात तुम्ही कशालाही हात लावायचा नाही.

निघायला दहा-बारा दिवस उरले असतील. गुरुवारी सुदेश मिठाईचा खोका घेऊन आला.

“विने, जपान सबनीस साहेबांच्या नावावर केलंय,” तो म्हणाला. सबनीस म्हणजे शोरूमचे मॅनेजर. “मागे म्हणाले होते, ‘आपलं काही जपान बघणं झालं नाही हो परब.’ आता माणसान समजूक होया. असिस्टंट मॅनेजराची जागा रिकामी असा.”

विनिताच्या हातात कपडे वाळत घालायचे चिमटे होते. “कदी केलात ह्या?”

“बक्षीस मेळला त्याच आठवड्यात.”

“मगे माका निवडूक कित्याक बसवलात?”

“तुका बरा जमता म्हणान! साहेबांच्या बायकोक सगळा चांगला लागता. तेंका कमोड होयो, ती मच्छी खायना.” त्याने खोका उघडला, एक बर्फी उचलून तोंडात टाकली आणि बोटं चाटली.

तर तो कमोड त्या बाईंसाठी होता. ती मऊ गादीही. इतके दिवस विनिता रात्रीचं जेवण आवरून फोटो बघत होती, आणि हा समोर बसून टीव्हीवर क्रिकेट बघत, तिला साहेबांच्या कामाला लावून गप्प होता. तिला त्याची किळस आली. नुसता राग आला असता तर तिने भांडी आपटली असती, दोन दिवस अबोला धरला असता. ही शिसारी होती. त्याने चाटलेल्या बोटांची, त्याच्या शर्टाच्या कॉलरची, त्याच्या ताटात राहिलेल्या काट्यांचीसुद्धा. त्या रात्री ती त्याच्याबरोबर जेवायला बसली नाही.

शनिवारी ऑफिसात तिने त्या म्हातारीला कळवायला फॅक्स टाइप करायला घेतला. काय लिहिणार? की माझ्या नवऱ्याने मला दान करून टाकलं? तिने कागद फाडला. बुकिंग विनिता परबच्या नावावर होतं, ते तसंच राहिलं.

सबनीस नवरा-बायको जाऊन आले. आल्यावर सुदेशने त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. सकाळी मासळीबाजारातून जुबैदी आणली, म्हणजे आपलं पापलेट. आणि बाईंसाठी पनीर. विनिता पहाटेपासून राबत होती. बारा वाजता साहेब आले, दारात बूट काढले आणि सोफ्यावर बसले. सुदेश बाजूच्या स्टुलावर टेकला, तेही अर्धाच.

“अहो, कसलं ते हॉटेल शोधून दिलंत!” पहिल्या घासालाच सबनीसबाईंनी सुरू केलं. “जमिनीवर झोपायचं! चटईवर! इथले लेबर झोपतात ना कॅम्पमध्ये, तसं. आणि ती म्हातारी सारखी मला विनिता-सान, विनिता-सान करत होती. दहा वेळा सांगितलं, आय अ‍ॅम नॉट विनिता. तिला कळेल तर शपथ.”

“गावंढळ असतात हो मॅडम ते,” सुदेश म्हणाला. साहेबांसमोर त्याची मालवणी कुठे पळून जायची कोण जाणे.

“काही करू देईना. पाण्याचा ग्लास उचलला तर हातातून काढून घ्यायची. माझ्यासाठी म्हणून मुद्दाम बिनमच्छीचं काय काय रांधलं होतं, सगळं अळणी. मी नुसतं चिवडलं. न्हाणी तर शी! तासभर कुलूप लावून ठेवली होती आमच्यासाठी. मी म्हटलं, कोण उतरणार त्या डबक्यात?” बाईंनी सोलकढी ओरपली. “निघताना तर कहर. रडायलाच लागली, आणि एक भातवाढी दिली मला. लाकडाची. वापरलेली, काळी पडलेली! म्हणे तिच्या आईची. विमानतळावर कचऱ्यात टाकली.”

साहेब हसले. सुदेश त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला, इतका, की त्याच्या तोंडातला भात दिसला.

विनिता भाताचं पातेलं घेऊन उभी होती. त्या म्हातारीने आपल्या आईची भातवाढी काढून दिली होती, न पाहिलेल्या एका बाईला, ती आपल्यासारखीच आहे म्हणून. गाढवाला गुळाची चव काय, असं एरवी ती म्हणाली असती. पण आज तिने वाढायला भरलेला डाव परत पातेल्यात ठेवला.

“चूक झाली मॅडम,” सुदेश हात जोडत म्हणाला. “हिने निवडलं. हिला काय कळतंय त्यातलं! पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं तर मी स्वतः लक्ष घालीन.”

“आणि सर्वांत राग कशाचा आला सांगू?” बाई म्हणाल्या. “आम्ही आत गेलो रे गेलो की ती आमचे बूट उचलून दाराकडे तोंड करून ठेवायची. म्हणजे काय, की कधी जाताय एकदाचे! पाहुण्यांना असं सुचवतात?”

“अगदीच संस्कार नाहीत,” सुदेश म्हणाला.

विनिताने पातेलं टेबलावर ठेवलं. हात पदराला पुसले आणि ती दाराशी गेली. साहेबांचे बूट भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांवर राईची धूळ होती. तिने ते उचलले, वळवले आणि टाचा जुळवून उंबऱ्याशी नीट ठेवले. मग बाईंच्या उंच टाचांच्या सँडल्स. मग दार सताड उघडलं. बाहेरच्या जिन्यावरची गरम हवा आत आली.

“अहो, हे काय करताय?” सबनीसबाईंनी विचारलं.

“अर्थ तुम्हीच सांगितलात ना मॅडम,” विनिता म्हणाली.

साहेबांचा घास हातातच राहिला. सुदेश घाईने उठला, स्टूल मागे कलंडलं. चेहऱ्यावर काय आणावं हे ठरवण्यासाठी त्याने आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब दाराकडे बघत होते, म्हणून मग त्यानेही तिकडे पाहिलं.

विनिता पुन्हा वाकली. कोपऱ्यातून तिने तिसरा जोड ओढला. सुदेशचे काळे, शोरूममधले, रोज सकाळी पॉलिश होणारे बूट. तिने ते साहेबांच्या बुटांच्या शेजारी ठेवले आणि त्यांचीही तोंडं बाहेर वळवली.