तिसरी आळी, सातवं घर

मी हिराबाईचं कार्ड बोलतंय. वीतभर पुठ्ठा, कडेला भोकांची रांग. १९६६ साली बोईसरच्या एका कचेरीत माझा जन्म झाला. तारापूरकडे वीजघर व्हायचं होतं, म्हणून किनाऱ्यावरचा एक कोळीवाडा नव्या जागी बसणार होता. दर घराला एक कार्ड. कारकून खंडेराव नगरकडचे, कामाला चोख. त्यांनी चिमट्याने माझी काही भोकं कडेपर्यंत कापली. तिसरी आळी, सातवं घर, एवढीच त्या कापांतून कळणारी माझी ओळख.

आम्हा कार्डांना क्रमाने लावायचं ते लांब सुईने. गठ्ठ्यातल्या एका भोकातून सुई ओवून उचलली की कापलेली कार्डं खाली गळतात. ती मागे ठेवायची आणि पुढचं भोक धरायचं. मला तेव्हा नुसत्या गुदगुल्या व्हायच्या.

खंडेरावांनी आधी आळ्या लावल्या, मग घरांचे नंबर, आणि कचेरीच्या अंगणात जमलेल्या कोळ्यांपुढे यादी वाचली. याच क्रमाने घरं मिळणार होती. पाचही आळ्यांची सातवी घरं एका ओळीत आली, मग आठवी. मागच्या रांगेतून हिराबाईची शेजारीण वत्सलाबाई उठली. तिचं घर तिसऱ्याच आळीतलं आठवं.

"हिराबायच्या न माज्या मदी चार घरं आली, भाऊ. तिला दिसत नाय. माज्या भिंतीला हात लावून ती विहिरीवर जाते. नव्या जागंत ती कुनाची भिंत धरंल?"

खंडेरावांचा चेहरा उतरला. साहेब दुपारी यादी न्यायला येणार होते. "मी आळ्या लावल्या होत्या हो."

"आदी लावल्यास ना? मंग त्या मोडल्या. मी मासली आदी लानमोटी लावते, मंग उचलून जातीचे ढीग करते. ढिगात लानमोटी आपोआप रांगंत बसते."

खंडेरावांनी सगळा गठ्ठा पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी आधी घरं लावली, शेवटी आळ्या.

काय सांगू तुम्हाला! सुई आळीच्या भोकात शिरली आणि आम्ही तिसऱ्या आळीची सगळी एकत्र आलो, घरांची रांग जशीच्या तशी. कुणी कुणाच्या पुढे घुसलं नाही. मला ना डोळे, ना अक्कल. तरी माझ्या पाठीला वत्सलाबाईचं कार्ड येऊन टेकलं. अंगावर काटा आला माझ्या.

साहेब यायच्या आत खंडेरावांनी मला, पाठीला टेकलेल्या कार्डासकट, हिराबाईच्या हातात दिलं. तिने माझ्या कापलेल्या कडा बोटांनी चाचपल्या.

"ही मी?"

"हो बाई. तिसरी आळी, सातवं घर."

"न वत्सला?"

त्यांनी तिचं बोट मागच्या कार्डावर ठेवलं.

आता ती नव्या घरात आहे आणि मी कपाटातल्या खोक्यात, कोपरे दुमडलेलं. खोकं कधी रिकामं कराल, तेव्हा मला खुशाल टाका. फक्त माझ्या मागचं कार्ड माझ्यासोबतच टाका.