गाळलेलं नाव

सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बायबल माझ्या गळ्यात पडलं. रोज सकाळी एक अध्याय मोठ्याने वाचायचा. नऊला औषधांच्या दुकानाचं शटर मी उघडायचं असतं, मालक तोंड वाकडं करून दारातच उभा असतो. पण बाबांना कसली घाई? आयुष्यभर कारखान्यात स्क्रू तपासले त्यांनी. ती नजर आता कानात शिरलीय. दर दोन ओळींनी, "थांब. गाळलंस. मागे जा."

वचन सावकाश ऐकलं तरच अंगी लागतं, म्हणे. मग यांच्या अंगी ते का लागत नाही, यानेच माझं डोकं फिरतं.

अध्याय संपला की प्रार्थना. तिच्यात घरच्या प्रत्येकाचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत आहे. बाबा वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ म्हाताऱ्याचंही घेतात. पोटच्या मुलीचं तेवढं नाही. भिंगरीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून ती प्रार्थनेतून उडाली. माझी ही नणंद राहते दोन स्टॉप पलीकडे. रोज दुपारी दुकानात तिचा फोन येतो, "वहिनी, आज घेतलं का गं?" रोज मी म्हणते, "नाही." आता तिला सातवा महिना लागलाय. बाबांनी नाव घेतल्याशिवाय उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही म्हणते. बापाचीच लेक!

काल मत्तयाचा पहिला अध्याय निघाला. नुसती येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. बस गाठायची होती, मी दोन ओळी सरळ गिळल्या.

"तामार गाळलीस," बाबा म्हणाले.

"बाबा, एका नावाने काय बिघडतं हो?"

"सासऱ्याने जाळायला काढलेली सून होती ती. तरी देवाने तिचं नाव वगळलं नाही. आपण कोण वगळणारे? मागे जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे यांनी बोलावं? तरी दात ओठ खात मागे गेले, तामारेसकट सगळं वाचलं आणि पुस्तक मिटलं. बस केव्हाच गेली होती.

बाबांनी हात जोडले. मुलगा झाला, मी झाले, आणि एकदम नातवावर उडी.

"थांबा, बाबा."

प्रार्थनेत मधे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. नवऱ्याने टक्क डोळे उघडले.

"गाळलंत," मी म्हणाले. "मागे जा."

आता घर डोक्यावर घेणार, असं वाटलं. पण बाबांनी जोडलेले हात सोडले, पुन्हा जोडले. मग त्यांनी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. मुलाचं नाव घेतलं, माझं घेतलं.

"आणि आमची भिंगरी," ते म्हणाले.

पुढची नावं त्यांना आठवेनात. ती मी घेतली.