किल्लीचं झाकण

टाकीचं झाकण हरवलं आणि घरात बाबलींचं वय निघालं.

"पंपावर इसारलात! डिझेल घातलात आणि झाकान थयच!" साईश अंगणात उभा राहून बापावर ओरडत होता, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा. पिकअपच्या टाकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

बाबली एकाहत्तर वर्षांचे. सावंतवाडीकडून गोव्यात सुर्ल्याला खाणीवर आले, तीस वर्षं मालाचे ट्रक हाकले आणि एकदाही कुणाला घासले नाहीत. आता ते व्रतात होते. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त; जत्रेआधीचे पाच दिवस सोवळं पाळायचं, वेगळं जेवायचं, आणि खोटं तर चुकूनही बोलायचं नाही. दुसरा कोणी असता तर छातीवर हात मारून म्हणाला असता, मी नव्हे! हे आपले खरेपणानं म्हणाले, "माका आठवत नाय."

झालं! साईशला तेवढंच हवं होतं.

दारात उभ्या असलेल्या साईशच्या बायकोला, विनिताला, सगळं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपल्या नवऱ्याला पाहिलं होतं. त्यानं झाकण फिरवून काढलं, मागच्या विहिरीत टाकलं आणि हात पँटला पुसले. रात्री त्यानं तिला सांगितलं. तेरेखोलच्या एका रिसॉर्टला शुक्रवारपासून गाडी आणि ड्रायव्हर हवा होता, राहायला खोलीही मिळणार होती. पण गाडी बापाच्या नावावर, आणि शुक्रवारीच जत्रा. अठरा वर्षं वाडीचे धोंड आणि त्यांची भांडीकुंडी शिरगावला न्यायचा मान बाबलींचा. म्हातारा जिवंत असेपर्यंत स्टिअरिंग सोडायचा नाही.

"त्येच्या डोक्यात भरवूक होया, की तुमका आता जमणा नाय," साईश म्हणाला होता. "तू फक्त गप रव."

विनिता गप्प राहिली. सासरे तिला नऊ वर्षांत कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. पण खोली! आपली दोघांची खोली, आपली चूल, खिडकीतून खाडी. त्या खोलीसाठी तिचा जीव नुसता तुटत होता.

बुधवारी म्हापशाहून किल्लीचं झाकण आलं. साईशनं ते बसवायला घेतलं, तिरकं घुसवलं, दात ओठ खाऊन पिळलं. बसेना. शेवटी बाबली ओटीवरून उठले.

"जोर करू नको रे. आधी उलटा फिरव. आटो आपसून पडता, मगे सुलटा."

त्यांनी झाकण हातात घेतलं, हवेच्या भोकात फुंकर मारून पाहिलं, रबराला बोटानं ग्रीस लावलं. उलटं फिरवलं. टक. मग सुलटं, तीनदा कटकट वाजेपर्यंत. हाताला सगळं आठवत होतं. साईशनं किल्ली फिरवली, काढली आणि दोन्ही किल्ल्या आपल्या खिशात घातल्या.

"आजपासून गाडयेक हात लावूचो नाय."

बाबली खिशाकडे बघत राहिले. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"विनिता, तू खरा सांग गो. व्रताच्या घरात कोण खोटा बोलणा नाय. मिया खरोखर इसराक लागलंय काय?"

एक 'नाही' पुरलं असतं. एक! साईशसुद्धा मान खाली घालून उभा होता.

"व्हय मामांनू," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण बाईची जीभ सुटली. "परवा गॅस तसोच सोडलात. त्याआधी दार उघडा. मी बोललंय नाय, तुमका वायट वाटात म्हणान."

यातलं काहीच घडलं नव्हतं. साईशनं चमकून बायकोकडे पाहिलं. एवढं तर त्यानंही सांगितलं नव्हतं.

बाबलींनी पाकिटातून लायसन काढलं आणि बॉनेटवर ठेवलं. "बरा झाला सांगितलंस," ते म्हणाले. "शुक्रवारी धोंडांका घेवन खय दरीत घातलंय असतंय."

रोज ते बाकीच्या धोंडांबरोबर तळीवर आंघोळीला जात. त्या संध्याकाळी गेले नाहीत. त्यांच्यात जाऊन काय तोंड दाखवायचं? घरच्याच विहिरीवर गेले. घरात नळ असल्यामुळे ती विहीर कुणी शेंदत नसे. विनिता मागच्या दारात भांडी घासत होती. रहाट करकरला तशी ती हातातलं भांडं तसंच ठेवून उठली.

पहिली बादली त्यांनी अंगावर ओतली. दुसरी वर आली तेव्हा ते थांबले. पाण्यावर काळं प्लास्टिकचं झाकण तरंगत होतं.

मेले, ती मनात म्हणाली. आता सगळं उघडं पडणार. आणि खरं सांगायचं तर तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पडू दे. ते साईशला हाक मारतील, झाकण त्याच्या तोंडावर फेकतील, मी पाया पडेन.

बाबलींनी झाकण उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. अंगावरून पाणी निथळत होतं. ते हळूहळू तिच्याजवळ आले आणि चोरी पकडलेल्या माणसागत त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"बग गो बाय," ते म्हणाले, "बावीत टाकलंय मिया. आणि माका आठवत पण नाय. साईशाक सांगा नको हां."

मग त्यांनी आपल्या ओल्या हातांकडे बघून विचारलं, "माजी आंघूळ झाली काय गो?"