पंधराच वेळा टक

म्हातारी म्हणजे त्यांची व्हॅन. सासऱ्यांनी तिचं हे नाव ठेवलं तेव्हा ते स्वतः तरणेबांड होते. आता सकाळी चालू व्हायला दोघांनाही वेळ लागायचा, आणि हा विनोद तेच येईल त्याला ऐकवायचे. व्हॅन हल्ली सून चालवायची, बालवाडीच्या अकरा पोरांना न्यायची-आणायची. चाकांना हात मात्र सासऱ्यांचाच. उभा जन्म गॅरेजात गेलेला माणूस. बाकीची कामं एकेक करून सुटली होती, एवढं उरलं होतं.

त्यांची रीत ठरलेली. चाक जिथे बसतं तिथला गंज आधी तारेच्या ब्रशने घासायचा, कारण गंज राहिला तर नट आज घट्ट वाटतो आणि चार दिवसांत ढिला पडतो. मग पाचही नट बोटांनीच फिरवायचे, तान्ह्याच्या अंगड्याचे बंद बांधावेत तसे हलक्या हाताने. नंतर समोरासमोरचे नट घ्यायचे, चांदणी काढावी तशा क्रमाने. जॅक काढून गाडी जमिनीवर टेकली की टॉर्क पाना. हवा तेवढा जोर झाला की तो टक करून सांगतो. तिथेच थांबायचं; पुढे जोर केला तर बोल्ट ताणला जातो. सगळ्यात शेवटी नटावरून रिमपर्यंत खडूची एक सरळ रेघ. रेघ तुटली, म्हणजे नट हलला.

रविवारी दुपारी ब्रेक साफ करायला त्यांनी चारही चाकं काढली होती. सून खिडकीशी इस्त्री करत होती. बाहेर टक, टक, आणि आत त्याच तालावर तिचा हात. पाच वेळा टक होईतो एक सदरा. तीन सदरे झाले तेव्हा नणंदेचा फोन आला आणि बापलेक अर्धा तास बोलत बसले. संध्याकाळी सासरे हात धुऊन आत आले, म्हणाले, झालं सगळं.

सोमवारी सकाळी तिने चाकं पाहिली. वीस नट, वीस रेघा, एकही वाकडी नाही. पण तिच्या कानात पंधराच होते. इस्त्रीच्या नादात पाच निसटले असतील? सासरे पायरीवर चहा पीत बसले होते. गेल्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तेव्हा नवरा म्हणाला होता की बाबांना आता चाकांपासून लांब ठेव. तिनेच त्याला गप्प केलं होतं. आता नट तपासायचा म्हणजे तेच त्यांच्या तोंडावर सांगायचं.

अकरा पोरं वाट बघत होती. तिने पाना काढला.

"रेघ दिसत नाही का?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिसते, बाबा. टक ऐकू आलं नव्हतं."

सासरे नेहमी शेवटी घेत त्या मागच्या डाव्या चाकाच्या पहिल्या नटावर तिने जोर दिला. नट फिरला, फिरतच गेला, खडूची रेघ मधोमध तुटली आणि तेव्हा कुठे टक झालं.

सासरे उठून आले. गुडघे धरत खाली बसले, तुटक्या रेघेवर बोट ठेवलं. फोनवरून परत आल्यावर आपल्याला वाटलं होतं की फक्त रेघाच राहिल्यात, असं ते हळूच म्हणाले. मग खिशातला खडू काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"घे. यापुढे मी हात लावत नाही."

तिने खडू घेतला नाही. "पाना माझ्याकडे, रेघ तुमच्याकडे. टक ऐकल्याशिवाय ओढायची नाही."

"आणि ओढली तर?"

"ओरडेन मी."

"ते तुला छान जमतं," सासरे म्हणाले.

बालवाडीत फोन करून तिने उशीर होईल असं कळवलं. जुन्या रेघा पुसून दोघांनी वीसच्या वीस नटांवर पुन्हा पाना लावला. प्रत्येक टकला सासरे मोठ्याने आकडा म्हणत होते. पन्नास किलोमीटरनंतर परत बघायचं, हेही त्यांनी दोनदा बजावलं. शेवटच्या नटाला टक झालं तरी त्यांचा खडू वरच राहिला.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने पाना पुन्हा दाबला. टक. मग त्यांनी रेघ ओढली.