कमलिनीबाईंची ऑर्डर

बरुआसागरहून आलेल्या एका पत्राला जनार्दनरावांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र टेबलाच्या खणात होतं आणि त्याच टेबलावर आज त्यांची नात देविका लॅपटॉप उघडून बसली होती.

"बघा आबा, कार्ट जुडलं. पण दिसतंय कसं? शादी में बिनबुलाया मेहमान!"

खरंच होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून जनार्दनराव प्रेम नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीतून जुनी मराठी पुस्तकं विकत. वर्षातून दोनदा हाताने यादी लिहायची, तिच्या झेरॉक्स ग्वाल्हेर, सागर, इंदूरच्या मराठी घरांत पाठवायच्या. कोणाचं कार्ड आलं की ते पुस्तकात खोचून पुस्तक बाजूला ठेवायचं. देविका इलाइट चौराह्यावरच्या एका ऑफिसात वेबसाइटी बनवायची. आबांच्या यादीची साइट तिने मागेच केली होती. जुन्या कागदाच्या रंगाची, शांत. आज तिने बाहेरून तयार मिळणारी खरेदीची टोपली त्यात जोडली, तर प्रत्येक पुस्तकाखाली एक भडक नारिंगी बटण उगवलं आणि मुखपृष्ठं वर-खाली सरकली.

तासाभरात तिने बटणाचा रंग उतरवला, अक्षर बदललं, जागा नीट केली. जनार्दनराव खुर्ची ओढत ओढत तिच्या अगदी जवळ आले होते.

"'टोपलीत टाका' नको गं. पुस्तक टाकत नाहीत, ठेवतात."

"ठेवा. और कुछ, मालिक?"

"माझ्याकडे एकेकच प्रत. दोघांनी एकदम ठेवली तर?"

"जो आधी ऑर्डर पक्की करेल, त्याची. म्हणून इथे 'शिल्लक एक' लिहिलंय. ऑर्डर आली की शून्य होतं आणि पानावर आपोआप 'संपले' येतं."

"आणि टोपलीत ठेवून कोणी निघूनच गेलं?"

"मशीन त्याला मेल पाठवतं. तुमचं पुस्तक वाट बघतंय. एक दिवसाने, मग तीन दिवसांनी."

"तरी उत्तर नाही आलं तर?"

"तर सोडून देतं बिचारं. आबा, तुम्ही तर इंटरव्ह्यू घेताय!"

जनार्दनरावांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"आता टेस्ट," देविका म्हणाली. "एक असं पुस्तक द्या जे बेचायचंच नाही. गलती से खरी ऑर्डर यायला नको."

त्यांनी कपाटाच्या तळातून, खाकी कागदात गुंडाळलेलं, ताऱ्यांवरचं एक जुनं पुस्तक काढलं. देविकाने त्याचा फोटो चढवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "आता तुम्ही ग्राहक. नाव, पत्ता भरा. कोणाचाही चालेल, पण पूरा पाहिजे, नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही. फोन माझा टाकते."

जनार्दनराव एका बोटाने टाइप करू लागले. कुठे पाहावं लागलं नाही, अडखळावं लागलं नाही. कमलिनी बापूराव टेंबे. किल्ल्याकडचा रस्ता, बरुआसागर. पिनकोड. बोट आपोआप चालत राहिलं.

"ये कौन हैं? पिनकोडसुद्धा पाठ?" देविकाने विचारलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'धन्यवाद, कमलिनीजी. तुमची ऑर्डर मिळाली. पुस्तक लवकरच पाठवत आहोत.' फोटोखाली 'शिल्लक एक' होतं, तिथे 'संपले' आलं.

"चालतंय!" देविकाने टाळी वाजवली. "डिलीट करते आता."

"थांब," जनार्दनराव म्हणाले. "राहू दे ती."

त्यांनी खण उघडला. देविकाला मराठी वाचायला वेळ लागे; तिने एकेक शब्द लावत पत्र वाचलं. कमलिनीबाईंनी लिहिलं होतं, की यादीत 'आतल्या पानावर बापूराव टेंबे हे नाव' अशी नोंद असलेलं पुस्तक त्यांच्या वडिलांचं आहे. घर बदलताना ते चुकून रद्दीत गेलं. बाबांना आता दिसत नाही. त्यांना वाचून दाखवायचं आहे. शक्य तितक्या लवकर पाठवावं.

"तुम्ही उत्तर नाही दिलं?"

"आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलो. मग लाज वाटायला लागली."

पण तेवढंच खरं नव्हतं. त्यांनी ताऱ्यांवरचं तेच पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. 'तलावाच्या काठावरून मृग दिसला. व्याध सापडेना.' आणि त्याखाली, वेगळ्या अक्षरात : 'बाणाच्या रेषेत खाली पाहा.'

"ये तो आपकी लिखाई है!"

"पत्र यायच्या आधीपासूनच लिहायला लागलो होतो. सवय लागली. गच्चीवर जायचं, पाहायचं, लिहायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याचं पुस्तक खराब केलं मी, देवू. कोणत्या तोंडाने पाठवणार?"

देविका पानं उलटत राहिली. एके ठिकाणी थांबली. 'कृत्तिका सहाच दिसतात. कमल म्हणते सात. खरंच?'

"बरुआसागर म्हणजे इथेच तर आहे," ती हळूच म्हणाली. "स्कूटीवर नेऊन देते."

"नको. पत्र टपालाने आलं होतं."

दुपारी ते खोडरबर घेऊन बसले. आपली पहिली ओळ पुसली, तर तिच्या वरची बापूरावांची ओळही फिकी झाली. त्यांनी खोडरबर ठेवून दिलं आणि कागद घेतला. चार कागद फाडून झाल्यावर पाचवा टिकला :

'कमलिनीबाई, सा. न. वि. वि. उत्तराला अकरा वर्षं लागली, याला सबब नाही. बाबांना वाचून दाखवायचं राहून गेलं असेल, तर तो दोष माझा. समासातली खालची अक्षरं माझी आहेत. पुसताना बाबांची पुसली जातात, म्हणून तशीच ठेवली. कृत्तिका मलाही सहाच दिसतात. आपल्याला अजून सात दिसतात का?'

पोस्टातल्या माणसाने पुडकं उलटंसुलटं पाहिलं. "जिसको भेज रहे हैं, उसका मोबाइल, बाबूजी?"

"नहीं है. पता पुराना है."

"पैकेट लौट आया तो?"

"पीछे मेरा पता लिखा है."

शिक्का बसला. तो पुडकं मागच्या ढिगावर भिरकावणार, तेवढ्यात जनार्दनराव म्हणाले, "फेंकिएगा नहीं, भैया." रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने. ते ओशाळले.

त्या माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीवरून उठला आणि पुडकं दोन्ही हातांनी ढिगावर ठेवलं.